निंजाची तलवार आणि आबांचा डावा हात

गेल्या मे महिन्यात आमच्या जालन्याच्या घरी एक निंजा राहावयास आला. परीक्षा आटोपून पुण्याहून आलेल्या एकोणीस वर्षांच्या नातवाने आपल्या वडिलांचे जुने ‘वी’ नावाचे खेळयंत्र पिशवीतून काढले आणि बैठकीतल्या दूरदर्शन संचाला जोडले. त्यापूर्वीचे सात महिने या घरात एकच विषय होता, यजमानांचा पक्षाघात. वाचा शाबूत राहिली, पाय बऱ्यापैकी सावरला. पण डावा हात मागे राहिला. चाळीस वर्षे बियाणांचे दुकान चालविलेला माणूस तो हात पंच्याखाली झाकून बसू लागला. फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून दोनदा येत. उरलेले पाच दिवस “हात उचला, तळवा वर करा” हा जप माझ्याकडे होता आणि त्याला मिळणारे उत्तर एकच होते : “उद्या बघू.”

नातवाने लावलेला खेळ होता ‘तेन्चू : शॅडो अ‍ॅसॅसिन्स’. जपानमध्ये तो 2008 साली निघाला आणि पुढच्या वर्षी इतरत्र पोहोचला. त्या मालिकेचा आरंभ मात्र 1998 चा. रिकिमारू आणि अयामे हे दोन निंजा आपल्या स्वामीच्या सेवेत असतात आणि रात्रीच्या अंधारात, कोणाच्याही दृष्टीस न पडता, पहाऱ्यातून वाट काढतात. निंजा म्हणजे जपानच्या इगा व कोगा या डोंगराळ मुलखांत नावारूपास आलेले हेर. बहिर्जी नाईकांच्या कथा ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला ही कल्पना नवी नव्हे. नवी होती ती खेळण्याची रीत. येथे नुसती बटणे दाबावयाची नसतात. हातातील पांढरा दांडा हीच तलवार. ती जशी धराल तशी पडद्यावर धरली जाते.

खेळाचे पहिले दर्शन मला मुळीच रुचले नाही, हे प्रांजळपणे सांगते. शत्रूला मागून गाठून ठार करण्याची दृश्ये रक्तरंजित आहेत. लहान मुलांसमोर तो लावण्याजोगा नाही. दुसरी अडचण डोळ्यांची. खेळ जवळजवळ सारा रात्रीचा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया न झालेल्या माझ्या उजव्या डोळ्याला काळ्या भिंतीपुढचा काळा निंजा दिसेचना. सूचना इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. नातू त्या मोठ्याने मराठीत सांगत असे. पहारेकऱ्याने पाहिले आणि हाती तलवार नसली, की पुन्हा मागे जाऊन आरंभ करावा लागतो. पहिल्या सकाळी आम्ही एकच अंगण किती वेळा ओलांडू पाहिले, त्याची मोजदाद नाही.

यजमान दारालगतच्या खुर्चीवरून हे सारे पाहत होते. चौथ्या-पाचव्या फजितीनंतर ते म्हणाले, “अरे, घाई कशाला करतोस? त्याची पाठ फिरू दे.” कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून दिलेला हा पहिला सल्ला. नातवाने तत्काळ खुर्ची सरकवली. “आबा, चालायचं काम माझं. तलवार तुमची.”

ही वाटणी यंत्राच्या रचनेमुळेच शक्य झाली. त्याचे हातात धरावयाचे भाग दोन. एक तो दांडा, म्हणजे रिमोट. दुसरा अंगठ्याने चालविण्याचा, ज्याला नन्चक म्हणतात. दोन्ही वायरीने जोडलेले. एकाच माणसाच्या दोन हातांसाठी ते केलेले. परंतु दोघे खेटून बसले तर वायर पुरते. निंजाला पावलापावलाने पुढे नेण्याचे काम नातवाने घेतले आणि रिमोट आजोबांच्या डाव्या हातात दिला. पंचा बाजूला झाला.

तलवारबाजीचा प्रसंग आला की शत्रूचा वार कोणत्या दिशेने येणार, हे पडद्यावर दिसते आणि त्या कोनात रिमोट धरावा लागतो. कधी आडवा, कधी उभा, कधी तिरपा. आता फिजिओथेरपिस्ट ताई सात महिने काय सांगत होत्या? कोपर अंगाशी ठेवून हाताचा पुढचा भाग फिरवा, मनगट वळवा, क्षणभर स्थिर ठेवा. अगदी तेच! माझ्या शेकडो विनवण्यांनी जे झाले नाही, ते एका काल्पनिक समुराईच्या वाराने घडले. आनंद तर झालाच. पण थोडा मत्सरही वाटला. सांभाळ करणाऱ्या अनेक भगिनींना तो ओळखीचा वाटेल, म्हणून लपवीत नाही.

तीन-चार दिवसांनी ताईंनी हा खेळ पाहिला आणि एकाच वाक्यात आमचा उत्साह जमिनीवर आणला : “काका हात नाही, कंबर वाकवताहेत.” खरेच होते. मनगट वळत नसे तेव्हा यजमान सगळे धड डावीकडे कलवीत आणि खांदा कानापर्यंत उचलीत. रिमोट त्यामुळे तिरपा होई, वार अडे, नातू टाळ्या पिटी.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रिमोटमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर नावाचा सूक्ष्म भाग असतो. गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून दांडा किती कलला आहे आणि त्याला किती झटका बसला, हे तो ओळखतो. तो कल मनगटाने आणला की कमरेने, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. जोरकस वारासाठीही पूर्ण हात फिरवावा लागतो असे नाही. मांडीवरून मनगटाला दिलेला हिसका पुष्कळदा चालून जातो. धडधाकट माणसाने अशी चलाखी केली तर तो फार तर आळशी ठरेल. पक्षाघाताच्या रुग्णाला मात्र चुकीच्या हालचालीची सवय जडू शकते, कारण पडदा त्याला प्रत्येक वेळी ‘शाबास’ म्हणत असतो. तेव्हापासून माझे काम ठरले. मी पडद्याकडे पाहत नाही, त्यांच्या डाव्या खांद्याकडे पाहते. खांदा उचलला गेला की त्यावर नुसता हात ठेवते, बोलत नाही.

यंत्राविषयी एक गंमत येथेच सांगून टाकते. दूरदर्शन संचाजवळ ठेवावयाच्या पट्टीची वायर एका रात्री उंदराने कुरतडली. नाव ‘सेन्सर बार’. पण ती काहीच टिपत नाही, तिच्या दोन टोकांतून केवळ अदृश्य अवरक्त प्रकाश निघतो आणि तो टिपणारा कॅमेरा रिमोटच्या टोकाशी असतो. नातवाने देवघरातील दोन निरांजने आणून संचापुढे अंतराने ठेवली आणि पडद्यावरचा बाण पुन्हा हलू लागला! यजमान खळखळून हसले. अर्थात, तोल न सावरणाऱ्या माणसाच्या खोलीत उघडी ज्योत ठेवणे मला पटले नाही. दुसऱ्याच दिवशी नवी पट्टी मागवली.

कारण तोल खरोखर गेला होता. दुसऱ्या आठवड्यात एका लढाईच्या ऐन भरात यजमान ताडकन उठले, पाय वायरीत अडकला आणि नातवाने कमरेला मिठी घातली म्हणून ते वाचले. तेव्हापासूनचे नियम असे : हात असलेली, न घसरणारी खुर्ची, समोरचे टेबल हलविलेले, रिमोटचा पट्टा मनगटात. या पट्ट्याला कोणी क्षुल्लक मानू नये. 2006 च्या डिसेंबरात, यंत्र बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच निन्टेंडो कंपनीला सुमारे 32 लक्ष पट्टे बदलून देण्याची तयारी करावी लागली. खेळाच्या आवेशात पट्टे तुटून रिमोट उडत होते. खेळ पंधरा मिनिटांचा, सकाळी उन्हाच्या आत आणि रक्तदाब मोजून झाल्यावर. ज्यांना पूर्वी फिट आली आहे किंवा छातीत पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी असल्या यंत्राजवळ जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. अतिरेकाचे फळ तरुणांनाही चुकत नाही. 2007 मध्ये एका स्पॅनिश डॉक्टराने, कित्येक तास याच यंत्रावर टेनिस खेळल्यामुळे स्वतःचाच खांदा कसा दुखावला, हे एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात कळविले आणि त्या दुखण्याला गमतीने ‘वीआयटिस’ असे नाव दिले.

मग हे यंत्र पक्षाघातावर उपचार आहे काय? शेजारपाजारच्या तीन कुटुंबांनी मला हा प्रश्न विचारला. एकाने तर यंत्राची किंमतही काढून ठेवली होती. त्यांना मी टोरंटोच्या डॉ. गुस्ताव्हो सापोस्निक आणि सहकाऱ्यांचे, 2016 साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेले संशोधन सांगितले. चार देशांतील, नुकताच पक्षाघात होऊन हात अशक्त झालेले 141 रुग्ण त्यांनी निवडले. सर्वांना नेहमीचे उपचार चालूच होते. त्याशिवाय एका गटाने दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रे ‘वी’वर खेळावयाची, दुसऱ्याने तितकाच वेळ पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा किंवा चेंडू असले साधे खेळ खेळावयाचे, असे ठरले. सुधारणा दोन्ही गटांत झाली आणि यंत्रवाला गट पुढे गेला नाही. शेजाऱ्यांनी यंत्राचा बेत सोडला. आम्ही मात्र दुपारी पत्त्यांचा डाव मांडला. पाने डाव्या हातात धरावयाची, उजव्याने टाकावयाची, असा नियम केला. पंखा पसरून तेरा पाने डाव्या मुठीत धरणे हे समुराईला अडविण्यापेक्षा अवघड निघाले. बदामसत्तीचे गुपित पहिल्या आठवड्यात रोज जमिनीवर सांडत असे.

तरीही त्या निंजाचे ऋण मी अमान्य करणार नाही. पत्त्यांचा डाव मी मार्चमध्येही मांडून पाहिला होता. तेव्हा ते उठून गेले होते. पत्ते त्यांना पूर्वी येत होते, म्हणून हात थरथरला की ती हार वाटे. निंजाचा खेळ कोणालाच येत नव्हता. त्यात नातू हरत होता, मी तर दोन पावलांत पकडली जात होते, आणि अशा घोळक्यात एक दुबळा हात उठून दिसत नव्हता.

जूनच्या मध्यावर नातू यंत्र घेऊन पुण्यास परतला. खेळ अर्धाही झाला नाही. अयामेचे पुढे काय झाले, हे यजमान दर रविवारी दूरध्वनीवर विचारतात. ताईंच्या मोजमापाप्रमाणे डावा तळवा पूर्वीपेक्षा अधिक वळतो, पण पूर्ण वर होत नाही. परवा त्यांनी डब्यातून मुगाची मूठ काढून ती डाव्या तळव्यावर ओतावयास सांगितली. दुकानात बियाणाचा कस ते असाच पाहत. अर्धे मूग फरशीवर सांडले. ते खाली वाकले नाहीत, मीही नाही. तळव्यात उरलेले दाणे मात्र त्यांनी मला मोजावयास लावले. अठ्ठावीस भरले.