एग्नॉग

अंडी, दूध, साय व साखर यांच्या मिश्रणात रम, ब्रँडी अथवा व्हिस्की घालून तयार केलेले एक दाट पेय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे नाताळात ते घरोघरी करतात. मध्ययुगीन इंग्लंडमधील पॉसेट या पेयापासून ते निघाले असावे. ऊन दूध वाइन किंवा एल घालून फाडीत व त्यात मसाले टाकीत. ‘नॉग’ हे ईस्ट अँग्लियातील कडक एलचे नाव, की ‘नॉगिन’ (लहान लाकडी पेला) या शब्दाचे संक्षिप्त रूप, याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये हे पेय श्रीमंतांचे होते. अमेरिकन वसाहतींत मात्र दूधअंडी घरचीच असत व वेस्ट इंडीजची रम स्वस्त मिळे, त्यामुळे तेथे ते रुजले. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत मद्यबंदी असता कॅडेटांनी १८२६ च्या नाताळच्या आदल्या रात्री चोरून आणलेल्या व्हिस्कीचे एग्नॉग केले आणि त्यातून मोठा दंगा उद्भवला. पुढे बंडखोर दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष झालेला जेफर्सन डेव्हिस या मेजवानीत होता. मात्र त्याच्यावर खटला झाला नाही.

घरगुती कृतीत सहा अंड्यांचे पिवळे बलक सु. १२५ ग्रॅ. साखरेबरोबर फिकट होईपर्यंत फेटतात. त्यांत अर्धा लिटर ऊन दूध थोडे थोडे घालून मिश्रण मंद आचेवर सतत ढवळीत ७१° से. पर्यंत तापवितात. आच वाढल्यास बलकातील प्रथिने साखळून गुठळ्या होतात. मिश्रण गाळून, थंड करून त्यात पाव लिटर साय व सु. २०० मिलि. रम किंवा ब्रँडी मिसळतात. वर जायफळ किसून घालतात. ते आयत्या वेळी किसलेलेच हवे, कारण पूड करून ठेवल्यास त्याचा सुवास उडून जातो.

जुन्या कृतींत अंडी कच्चीच वापरीत. जेरी टॉमस याच्या १८६२ च्या पुस्तकातही तशाच कृती आढळतात. परंतु कवच अभंग असलेल्या अंड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून तापविण्याची पायरी गाळणे धोक्याचे. मद्याने जंतू तत्काळ मरतात, ही समजूत चुकीची आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिबेका लान्सफील्ड यांच्या, सु. २० टक्के अल्कोहॉल असलेल्या कृतीची न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात परीक्षा झाली, तेव्हा मुद्दाम मिसळलेले साल्मोनेला एका आठवड्यानंतरही जिवंत होते. तीन आठवड्यांनी मात्र ते आढळले नाहीत. लान्सफील्ड हे पेय नाताळच्या काही आठवडे आधी करून शीतकपाटात मुरवीत असत. सौम्य एग्नॉगला हा निष्कर्ष लागू पडत नाही. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांच्यासाठी तापविलेले, मद्यविरहित एग्नॉगच करावे.

प्वेर्त रीकोतील नारळाच्या दुधाचे कोकीतो व मेक्सिकोतील रोम्पोपे ही याच जातीची पेये होत.