महामार्गावरील मोटारधुलाई : आधीं पाण्याचा हिशेब

डहाणू व तलासरी तालुक्यांतील ज्या शेतकरी बंधूंची जमीन मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आहे, त्यांच्या घरांतील तरुण मंडळींच्या मनांत रस्त्याच्या कडेस उत्तम प्रतीचें मोटारधुलाई केंद्र काढण्याचा विचार घोळूं लागला, तर त्यांत नवल नाहीं. विचार टाकाऊ नव्हे. चारोटीपासून आच्छाडपर्यंत वाहनांची रीघ दारावरून जाते. शिवाय डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर आलेल्या गाडीस खारी हवा लागते, आणि मीठ लोखंडास गंज चढवितें. परंतु यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं, पाणी कोठून आणणार व धुतलेलें पाणी कोठें सोडणार, या दोन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मांडलीं पाहिजेत.

विवळवेढें येथील श्रीमहालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेस सुरू होते. उन्हाळ्याची सुटीही त्याच सुमारास येते. म्हणजे गाड्या अधिक येण्याचे दिवस व विहिरी तळ गाठण्याचे दिवस एकच. साध्या नळीनें मिनिटास 20 लिटर पाणी पडत असेल, तर 10 मिनिटांत एका गाडीस 200 लिटर खर्च होतें. 2019 सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्यें माणशीं दररोज 55 लिटरांचें प्रमाण धरलें आहे. तेव्हां एका गाडीस साडेतीन माणसांचें पाणी लागलें ! पाड्यावरील बायाबापड्या हंडा घेऊन उभ्या असतां असा व्यवहार फार दिवस चालणार नाहीं, व चालूंही नये.

उच्च दाबाचें यंत्र मिनिटास 8 लिटर देणारें घेतल्यास तेंच काम 80 लिटरांत होतें. दिवसास 20 गाड्या धरल्यास 1,600 लिटर लागतील. आतां 200 चौरस मीटरांच्या छपरावर 1 मीटर पाऊस पडला, तर 2 लाख लिटर होतात. आपल्याकडे पाऊस याहून अधिकच. पैकीं 1 लाख 60 हजार लिटर धरून ठेविले, तर बरोबर 100 दिवसांची सोय झाली. त्यास 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद व 2 मीटर खोल असें झांकलेलें टांकें पुरें. शेजाऱ्याच्या विहिरीस धक्का न लावतां उन्हाळा निघेल.

सांडपाण्यासाठीं तीन खणांचें कुंड बांधावें. पहिल्या खणांत माती व वाळू तळीं बसते. दुसऱ्यांत तेल वर तरंगतें. म्हणून निकासाची नळी तळाजवळून पाणी उचलणारी असावी. तिसऱ्यांत वाळू व कोळसा यांच्या थरांतून पाणी गाळावें. तें पुनः चाकें भिजविण्यास चालतें. शेवटचें पाणी मात्र गोडेंच हवें. खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग रंगावर उमटतात. सांचलेलें तेल ओढ्यांत किंवा चिकूच्या बागेंत कदापि सोडूं नये.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल कचेरींत गेलें असल्यामुळें कागदांविषयीं दोन शब्द. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांत आहेत. आदिवासी बंधूची जमीन बिगर-आदिवासीस विक्रीनेंच नव्हे, तर भाडेपट्ट्यानेंही जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणें पूर्वमंजुरीवांचून घेतां येत नाहीं. तोंडी करारावर भिस्त ठेवणाराचें भांडवल बुडतें. दिनांक 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला असून, तींत तालुक्याबाहेरील 25 किलोमीटरांच्या पट्ट्याचाही उल्लेख आहे. म्हणून तलासरीकरांनींही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधीं चौकशी करावी. महामार्गावरून आंत रस्ता घेण्यास परवानगी लागते. शेतजमिनीच्या बिनशेती उपयोगाचे नियम बदलत असतात. चालू नियम तहसील कचेरींत विचारावेत.

शेवटीं, उत्तम धुलाई म्हणजे नुसती चकाकी नव्हे. गाड्या किती, पाणी किती, मजुरी व वीज किती, याची नोंदवही रोज लिहावी. महिन्याच्या ठाम खर्चास दर गाडीमागें उरणाऱ्या रकमेनें भागावें. येणाऱ्या आंकड्याइतक्या गाड्या मंदीच्या महिन्यांतही मिळतील, अशी खात्री असेल तरच कर्ज काढावें. हिशेब जुळला, तर मुलास खुशाल आशीर्वाद द्या. न जुळला, तर ती जमीन बागेसच राहूं द्या.