छोटीं घरें आणि त्यांखालची जमीन

‘वस्’ या एकाच धातूपासून ‘वास्तु’ आणि ‘वसति’ हे दोन्ही शब्द झाले आहेत. घराला शेजार हवाच, हें भाषेनें फार पूर्वीं सांगून ठेवलें आहे. आठ-दहा स्नेही कुटुंबांनीं मिळून जमीन घ्यावी, तीवर छोटीं घरें बांधावीं आणि विहीर, अंगण, वाचनालय समाईक ठेवावें, असा विचार हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत ऐकूं येतो. विचार स्तुत्य आहे. परंतु घराच्या नकाशावर आपण जितका वेळ खर्चितों, त्याचा दशांशहि जमिनीच्या कागदांना देत नाहीं.

याचा परिणाम विरारनें पाहिला आहे. 2025 च्या ऑगस्टांत विरार पूर्वेस एक अनधिकृत इमारत कोसळून 17 माणसें प्राणांस मुकलीं. घर गेलेल्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरांत आसरा घ्यावा लागला. अपराध बांधणाराचा, पण भोगलें राहणारांनीं.

त्याच चंदनसार भागांत जमीन पाहावयाची झाल्यास प्रथम सातबारा मागावा. भोगवटादार ‘वर्ग 2’ असेल, तर सरकारी परवानगीवांचून सौदा करूं नये. ‘इतर हक्कां’त कुळाचें नांव वा बोजा आहे काय, तें पाहावें आणि जुने फेरफार क्रमानें वाचावे. पालघर हा आदिवासींची मोठी वस्ती असलेला जिल्हा. त्यांची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवांचून इतरांस घेतां येत नाहीं. त्यांतून पळवाट काढून देतों, असें कोणी म्हणाल्यास तेथूनच परतावें. दुसऱ्याचें घर मोडून आपलें उभारणें, यास आम्ही गृहस्थाश्रम म्हणत नाहीं.

पुढें महानगरपालिकेचा विकास आराखडा पाहावा. 2009 पासून हा भाग वसई-विरार महानगरपालिकेंत आहे. जमीन रहिवासी विभागांत आहे, हरित पट्ट्यांत आहे, कीं सार्वजनिक कामासाठीं राखलेली आहे, हें तेथें कळतें. सरकारी मोजणी करून हद्द ठरवावी. रस्त्याचा हक्क तोंडी नसावा, दस्तांत असावा.

राहिला प्रश्न मालकीचा. मुंबईस गांवदेवींत 1915 सालीं श्रीपाद सुबराव तल्माकी यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. जमीन व इमारती संस्थेकडे आणि सभासदांस राहण्याचा हक्क, अशी तिची घडण होती. यांत मोठें शहाणपण आहे. दहा जणांनीं एका स्नेह्याच्या नांवें जमीन घेतली, तर पहिल्या पिढींत स्नेह असतो आणि दुसऱ्या पिढींत दावा. म्हणून इसार देण्यापूर्वीं नोंदणीकृत संस्थेची सिद्धता करावी. कोणी सोडून गेल्यास वा निवर्तल्यास त्याच्या हिश्श्याचें काय, हें लिहून ठेवावें. आणि त्या चर्चेस घरांतील स्त्रियांस व मुलांसहि बसवावें, कारण त्या जमिनीवर आपल्याहून अधिक काळ तींच नांदणार आहेत.