तलावाच्या पाळीवरचे जलरंग

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला, की भंडारा जिल्ह्यात उघड्यावर बसून जलरंगाचे चित्र काढणे जवळजवळ अशक्य होते. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो आणि हवेत ओलावा नावालाही नसतो. कागदावर आकाशाचा वॉश टाकायला घ्यावा, तर कुंचला उजव्या कडेला पोचेपर्यंत डाव्या कडेचा रंग वाळून तिथे कडक रेघ उमटलेली असते. श्रावणात नेमके उलटे घडते. तोच कागद तासभर ओलाच राहतो; वरून दुसरा हात द्यावा, तर तो खालच्या रंगात पसरतो आणि झाडांचे ढग होतात. जलरंग हे माध्यम पाण्याच्या वाळण्यावर चालते. घरात पंखा असतो, दिवा असतो. रानात मात्र पाणी किती वेळात वाळेल हे ऊन आणि वारा ठरवितात आणि चित्रकाराला त्यांच्या वेगाने हात चालवावा लागतो.

त्यामुळे वन्यजीव आणि रानाची दृश्ये जागेवर बसून रंगविण्याचा या भागातला हंगाम साधारणपणे दिवाळीपासून होळीपर्यंतचा. थंडीत तलावांवर सकाळी धुके असते, स्थलांतरित बदके उतरलेली असतात आणि एक वॉश वाळायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पुढचा विचार करायला तेवढा वेळ पुरतो. फाल्गुनात पळस पेटतो, त्यामागोमाग मोहाची फुले गळू लागतात आणि ती वेचायला पहाटे माणसांच्या आधी अस्वले येऊन जातात. त्यानंतर रंगपेटी मिटलेली बरी.

हातात कॅमेरा असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे एक उत्तर तांत्रिक आहे. दाट झाडीतल्या उन्हाचे छायाचित्र घेतले, की एक तर उजेडाचे भाग पांढरे पडतात किंवा सावल्या काळ्या होतात. डोळ्याला त्याच सावलीत निळा, जांभळा, मातकट हिरवा असे कितीतरी रंग दिसत असतात. घरी बसून छायाचित्रावरून चित्र काढणारा त्या काळ्या सावल्यांची नक्कल करतो आणि त्याचे जंगल मरगळलेले दिसते. दुसरे उत्तर वेळेचे आहे. छायाचित्र सेकंदाच्या हजाराव्या भागात संपते. चित्रासाठी अर्धा तास एकाच जागी बसावे लागते आणि त्या अर्ध्या तासात रान बसलेल्या माणसाला विसरून आपल्या कामाला लागते.

हे बसणे व्यंकटेश माडगूळकरांनी भंडाऱ्याच्याच रानात केले. नागझिरा आज गोंदिया जिल्ह्यात मोडते. पण १९९९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत ते भंडाऱ्याचे होते. १९७० मध्ये तिथे अभयारण्य झाले. त्या रानात राहून माडगूळकरांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. एके काळी शिकार केलेला हा लेखक पुढे बंदूक ठेवून केवळ पाहायला जंगलात जाऊ लागला. तो चित्रेही काढीत असे, हे त्याच्या गद्याकडे पाहिले तरी कळते. प्राणी कोणत्या बाजूने आला, उजेड कुठून होता, अंगाची ठेवण कशी होती, हे त्यात आधी येते, भावना मागाहून. ‘जनावनातली रेखाटणे’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव उगीच नव्हे. वानरांच्या टोळ्यांवरील ‘सत्तांतर’ला १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही अशाच पाहण्याचा पुढचा टप्पा म्हणता येईल.

वानर हा नवशिक्या चित्रकारासाठी सर्वांत चांगला नमुना आहे. ते फार घाबरत नाही, एकमेकांच्या उवा काढीत बराच वेळ बसते आणि उठले तरी थोड्या वेळाने पुन्हा तसेच बसते. प्राण्यांच्या जागेवरच्या रेखाटनाचे सगळे गमक या ‘पुन्हा’मध्ये आहे. चितळ मान खाली घालून चरतो, मान वर करतो, कान फिरवतो, पुन्हा चरू लागतो. मोजक्या चार-पाच ठेवणी तो आलटून पालटून घेत असतो. जाणता चित्रकार एका कागदावर चार-पाच अर्धवट आकृत्या एकाच वेळी सुरू करतो. मान वर झाली, की त्या आकृतीत भर. खाली गेली, की शेजारच्या आकृतीत. वीस मिनिटांनी त्यातली एखादी पुरी होते, बाकीच्या तशाच राहतात. चितळाच्या पाठीवरचे ठिपके मोजून काढण्याचा मोह नवशिक्याला हमखास होतो. दोनशे मीटरवरून ते ठिपके दिसतच नाहीत. जे दिसत नाही ते काढले, की जनावर चित्रातून बाहेर पडून पाठ्यपुस्तकात जाऊन बसते. वाघाची आशा मात्र धरू नये. तो दिसलाच तर मिनिटभर, आणि त्या मिनिटात पेन्सिल खाली ठेवून नुसते पाहणेच शहाणपणाचे. रेखाटन तो गेल्यावर, स्मरणाने करावे.

रंग लावायला वेळ नसेल, तर ते शब्दांत टिपून ठेवण्याची जुनी युक्ती आहे. हास्यकवितांसाठी जगाला ठाऊक असलेला इंग्रज चित्रकार एडवर्ड लियर १८७३ ते १८७५ या काळात भारतभर फिरला. तो घाईने केलेल्या रेखाटनांवरच रंगांची नावे लिहून ठेवी आणि जलरंग मागाहून भरी. तरुणपणी त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले जिवंत पोपट समोर ठेवून चित्रे काढली होती. पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्रे काढण्याच्या त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

आता प्रश्न जागेचा. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सुमारे ६५६ चौरस किलोमीटरच्या या प्रकल्पात भंडारा जिल्ह्यातले कोका अभयारण्यही येते. पलीकडे पवनीच्या बाजूला उमरेड-कऱ्हांडला आहे. या रानांत नेमून दिलेल्या जागांखेरीज वाहनातून उतरता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण हलत्या जिप्सीत, मागच्या गाडीचा चालक पुढे सरकण्यासाठी खोळंबलेला असताना, मांडीवर कागद ठेवून वॉश देणे ही सर्कस आहे. सफारीत पेन्सिल आणि छोटी वही पुरे. रंगपेटी उघडायची तर प्रवेशद्वाराच्या बाहेर यावे लागते आणि भंडारा जिल्ह्यात हे बाहेर येणे तोट्याचे ठरत नाही.

कारण इथे गावोगावी तलाव आहेत. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात ते याचमुळे. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी उतार, ओढे आणि माती यांचा अचूक अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या, पाणी अडवले आणि त्यावर धान पिकवले. मालगुजारी असताना हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५० नंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरे जुळून त्यांचे ‘मामा तलाव’ हे नाव रूढ झाले. अशा तलावाच्या पाळीवर बसले, की एका बाजूला पाणी, पाणवनस्पती आणि पक्षी, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या आणि मागे जंगलाची निळी रेघ, अशी तीन चित्रे मान वळवून मिळतात. मराठी चित्रकलेला ही बैठक परकी नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान वर्षानुवर्षे कोटीतीर्थ तलावाच्या काठी जाऊन तेच पाणी आणि त्याच झाडांवरचा बदलता उजेड रंगवीत राहिले.

तलावाची चित्रे सोपी वाटतात आणि हिरव्या रंगावर येऊन फसतात. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला, तर रान प्लॅस्टिकचे दिसते. निळा, येलो ऑकर आणि थोडा बर्न्ट सिएना मिसळून हिरवा घरीच करावा. थंडीतल्या सागाला त्यात तांबूस अधिक, रोवणीनंतरच्या धानाला पिवळा अधिक. पांढऱ्याची गोष्ट वेगळी. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरीत नाहीत; कागद कोरा सोडणे हाच पांढरा. बगळा काढायचा म्हणजे बगळ्याभोवतीचे सगळे काढायचे. उन्हाळ्यात पाने झडलेले कुल्लूचे झाड, ज्याला काही लोक भुताचे झाड म्हणतात, तेही असेच मागचा काळोख रंगवून उजळते.

या तलावांचा आणि बांध्यांचा सर्वांत मोलाचा रहिवासी म्हणजे सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच, जवळजवळ माणसाइतका. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतच उरला आहे. गोंदियात काही डझन, भंडाऱ्यात बोटांवर मोजण्याइतके. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पाण्यात एकत्र केले, की जो दाणेदार राखाडी रंग मिळतो, तो जणू याच पक्ष्यासाठी असावा. मानेचा लाल भाग राखाडी पूर्ण वाळल्यावर लावावा, नाही तर तो खाली ओघळतो. पण सारसाचे घरटे पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला असते. त्याच्या जवळ जाण्याचा मोह छायाचित्रकारांना होतो तसा चित्रकारांनाही होऊ शकतो. दुर्बीण तिवईवर लावून दूर पाळीवरून काढलेले चित्र जरा कमी तपशिलाचे होईल, इतकेच. विजेच्या तारा आणि शेतातली कीटकनाशके या पक्ष्याच्या जिवावर उठलेली असताना त्यात पाहणाऱ्यांची भर नको.

सारसाकडे पाहत बसण्याचा छंद बादशहालाही होता. जहांगीरने सारसाची एक जोडी पाळली होती, त्यांना लैला-मजनू अशी नावे दिली होती आणि त्यांच्या अंडी उबविण्याची बारीक नोंद आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली. त्याच्या पदरी उस्ताद मन्सूर होता. १६२० च्या काश्मीर मुक्कामात मन्सूरने शंभरावर फुलांची चित्रे काढल्याची नोंदही जहांगीरचीच. याच मन्सूरचे सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. चोच, डोळ्याभोवतीची कातडी, पायांवरच्या सुरकुत्या, सारे समोर पाहून काढलेले. तो क्रौंच हिवाळ्यात भरतपूरला येत असे. २००२ नंतर तिथे तो दिसलेला नाही. सारस त्याच कुळातला आहे.

तलावही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. अनेकांत गाळ साचला, काठाने बेशरमीचे रान माजले. दहा वर्षांपूर्वीचे आणि आजचे एकाच पाळीवरून काढलेले दोन जलरंग शेजारी ठेवले, तर पाण्याची कड किती सरकली हे कोणत्याही अहवालाशिवाय दिसते. म्हणून चित्रामागे तारीख, वेळ, तलावाचे नाव आणि तोंड कोणत्या दिशेला होते, एवढे लिहिण्याची सवय चांगली. चित्र कच्चे असले तरी ती नोंद कच्ची नसते.

आणखी एक सवय. कुंचला तलावात धुऊ नये. जलरंगांतले काही लाल-पिवळे कॅडमियमचे, काही निळे कोबाल्टचे असतात आणि हे दोन्ही धातू विषारी आहेत. दोन बाटल्या न्याव्यात, एक स्वच्छ पाण्याची, एक रिकामी. सारसाची जोडी उडून गेलेली असते, कागदावर धानाचा हिरवा वाळत आलेला असतो आणि त्यात पक्ष्यांच्या दोन जागा कोऱ्याच राहिलेल्या असतात. त्या घरी भरायच्या की तशाच ठेवायच्या, हे नंतर ठरविता येईल. आधी गढूळ पाणी रिकाम्या बाटलीत ओतून तिचे झाकण घट्ट लावायचे.