डिझेलच्या नळीत शिरलेली हवा



डिझेल एंजिनाला हवा लागते, ही गोष्ट शाळेतील विद्यार्थीही जाणतो. असे असताना ‘गाडीने एअर घेतली’ हे शब्द कानी पडताच ट्रकचालकाचा चेहरा का उतरतो? हवेला सिलिंडरमध्ये येण्याची स्वतंत्र वाट असते. ती सोडून हवा डिझेलच्या नळीत शिरली, तर तीच हवा एंजिन बंद पाडते. ती तेथे शिरते कशी आणि तिला शिरू न देण्याचा उपाय कोणता, एवढाच आजचा विषय आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचे एंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी रीतीने चालले. त्यात ठिणगी नाही. सिलिंडरमधील हवा इतकी दाबायची की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापावी, आणि तीत इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटावे, ही त्यातील कल्पना. मौजेची गोष्ट अशी की, हा फवारा सोडण्यासाठी डिझेल यांनी दाबलेली हवाच वापरली होती. तिच्यासाठी मोठा कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात असले धूड चालून जाई, परंतु रस्त्यावरील वाहनात ते मावणे कठीण. पुढे निव्वळ पंपाच्या जोरावर इंधन फवारण्याची युक्ती साधली आणि १९२७ साली बॉश कंपनीने असे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. आपल्याकडे १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधण्यास सुरुवात केली, त्यांतही हीच पद्धत होती. हवेचे काम पंपाकडे आले, आणि तेव्हापासून इंधनातील हवा नकोशी झाली.

याचे कारण सोपे आहे. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट घट्ट धरून दांडा दाबा. तो बराच आत जातो व सोडताच मागे येतो. तोच पंप पाण्याने भरला असता, तर दांडा जागचा हलला नसता. हवा दबते, द्रव जवळजवळ दबत नाही. जुन्या पद्धतीच्या ट्रकात फवाऱ्याचे तोंड, म्हणजे नॉझल, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाब आल्याशिवाय उघडत नाही. मुख्य पंपाचा दट्ट्या एका खेपेस किती डिझेल ढकलतो? गाडी मालाने भरलेली असली तरी एक-दोन थेंब! त्या जागी तुरीच्या दाण्याएवढा बुडबुडा आला, तर दट्ट्याची सारी धाव तो दाबण्यातच संपते. दट्ट्या मागे सरताच बुडबुडा पुन्हा फुगतो. नॉझल उघडत नाही आणि सिलिंडर उपाशी राहतो.

चढावर असे घडले, तर प्रश्न केवळ खोळंब्याचा राहत नाही. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगला मदत करणारा पंप हे दोन्ही सामान्यतः एंजिनावरच चालतात. एंजिन थांबले की तेही थांबतात.

आता हवा शिरते कोठून? टाकीतले डिझेल एक लहान पंप ओढून घेतो. त्याला फीड पंप म्हणतात. तेथून ते फिल्टरमध्ये व पुढे मुख्य पंपाकडे जाते. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकलले जाते. तेथे सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकते आणि दोष डोळ्यांना दिसतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र डिझेल ओढले जाते. तेथील दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो. शहाळ्यातील नळीला बारीक भोक पडले तर पाणी बाहेर सांडत नाही, उलट तोंडात हवा येते. ओढीच्या नळीचेही तसेच आहे. बाहेरून ती कोरडी ठणठणीत दिसते, आणि आत हवा शिरत असते. म्हणून ‘गळत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा नियम या एका नळीला लावता येत नाही.

विहिरीवर पंप बसविणाऱ्या शेतकऱ्याला आणखी एक अनुभव ठाऊक असतो. फूटव्हॉल्व्ह गळू लागला की रात्रीतून नळीतले पाणी विहिरीत उतरते आणि सकाळी पंप पाणी ओढत नाही. ट्रकच्या इंधनमार्गातील एकेरी झडप बिघडली किंवा सांधा सैल झाला, तर डिझेल असेच टाकीत परतते. सकाळी गाडी चालू होताना कुरकुर करते, ती यामुळे.

प्रतिबंधाचे उपाय साधेच आहेत. टाकी तळाला जाऊ देऊ नये. चढउतारावर डिझेल एका बाजूस सरते आणि ओढीच्या नळीचे तोंड उघडे पडते. टाकीत हवा येण्याचे छिद्र साफ ठेवावे. ते बुजले किंवा फिल्टर कचऱ्याने तुंबला, तर ओढ वाढते आणि सैल सांध्यातून हवा खेचली जाते. रबरी नळ्या तडकण्याची वाट न पाहता मुदतीत बदलाव्यात. फिल्टर बदलताना जुने वॉशर पुन्हा घालून चार पैसे वाचविणे महागात पडते. संशय आल्यास ओढीच्या मार्गात थोडी पारदर्शक नळी जोडून एंजिन चालवावे. बुडबुडे तेथे स्पष्ट दिसतात.

हवा शिरलीच, तर जुन्या ट्रकात हातपंप मारून फिल्टरवरील स्क्रू सैल करतात व बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढतात. नॉझलकडे जाणाऱ्या नळीचा नटही सैल करण्याची रीत आहे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, आणि आजच्या ट्रकांत कॉमन रेल ही पद्धत रूढ आहे. तीत डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पटींपर्यंत जातो. अशा चालू एंजिनाची नळी सैल केली, तर सुईसारखी धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टोचल्याएवढी दिसते, पण तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. हवा घेऊन तो फिरत राहिला तर झिजतो. म्हणून नव्या गाडीची हवा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीनेच काढावी.

जी हवा काढणे पूर्वी दहा मिनिटांचे काम होते, ते आता जोखमीचे झाले आहे. हवा शिरू न देणे मात्र पूर्वीइतकेच सोपे आहे. त्यासाठी लागतो नवा वॉशर, धडकी नळी आणि निघण्यापूर्वी टाकीकडे टाकलेली एक नजर.