घरबसल्या कामाचा तासाला भाव किती?



मुलं शाळेत गेली, स्वयंपाक आवरला, की दुपारचे दोन-तीन तास मोकळे मिळतात. त्या वेळात वसई-विरारकडच्या कितीतरी घरांत गजरे ओवले जातात, इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवले जातात. नोकरीसाठी सकाळची लोकल धरायची तर घरी यायला रात्र होते. तान्हं मूल असेल तर ते जमत नाही, म्हणून आपण काम घरी आणतो. पण त्या कामाचे तासाला किती पडतात, हे मोजतो का?

आज मोजून बघू. समजा, एका ग्रोसला, म्हणजे १४४ नगांना, ३० रुपये मिळतात आणि ग्रोसला दीड तास लागतो. दिवसाला दोन ग्रोस केले, तर तीन तासांत ६० रुपये. वाटतं, तासाला २० पडले. आता माल आणायचा-पोचवायचा एक तास आणि रिक्षाचे २० रुपये धरा. उरले ४० रुपये, वेळ गेला चार तास. म्हणजे तासाला फक्त १०!

आता शेजारच्या चौघींनी पाळी लावली. रोज एकीनेच जाऊन चौघींचा माल आणायचा, भाडं वाटून घ्यायचं. प्रत्येकीच्या वाट्याला रोजचे ५ रुपये आणि पाव तास आला. आता सव्वातीन तासांना ५५ रुपये, म्हणजे तासाला जवळजवळ १७. कामाचा दर तोच, पण हातात जास्त उरले.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली ती लिज्जत पापडने. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे पीठ केंद्रावर मळलं जातं. बहिणी ते घरी नेतात, सवडीने लाटतात, वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी वजन करून देतात आणि मजुरी घेतात. माल तपासणं, विकणं हे संस्थेचं काम. शिवाय प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण, त्यामुळे नफ्यातही वाटा. लाटणं घरी, बाकीचं मिळून, हे त्यातलं मर्म.

आपल्याकडे वसईची सुकेळी आहेत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची. घरचा माल असला की भाव आपण ठरवतो, पण नुकसानही आपलंच. पावसाळ्यात वाळवणाचं काम थांबतं, तेव्हा वर्षाचा हिशेब आधीच मांडा.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. काम देण्याआधीच फी किंवा अनामत मागणाऱ्यापासून लांब राहा. दिलेला माल, नापास नग आणि मिळालेले पैसे वहीत लिहा, समोरच्याची सही घ्या. आणि चिकटवायचं काम खिडकीजवळ, लहान मुलांपासून दूर करा.

घरी काम करते म्हणजे ती मोकळीच आहे, असं घरच्यांना वाटतं. तास लिहिलेली वही त्यांनाही दाखवा. पाणी भरणं, मुलांचा अभ्यास यातलं काही मुलांच्या बाबांनी उचललं, तर तोही कमाईला हातभारच.

येते सात दिवस प्रत्येकीने तास, खर्च आणि मिळकत लिहायची. गटाच्या बैठकीत सगळ्या वह्या एकत्र ठेवा. कोणतं काम ठेवायचं, कशाचा दर वाढवून मागायचा, हे आकडेच सांगतील. आणि दर मागायला एकटीने जाऊ नका, सगळ्या मिळून जा.