कंत्राट चालू, देणगीही चालू

सार्वजनिक कामाच्या फायलीत लाच कुठेच सापडत नाही. सापडते ते अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयके. प्रत्येकावर सही, शिक्का, तारीख. राजकीय पक्षाच्या देणग्यांचा हिशेब दुसऱ्या कार्यालयात, दुसऱ्या कायद्याखाली, तोही लेखापरीक्षकाने तपासलेला. करदात्याचा पैसा कंत्राटाच्या वाटेने जाऊन देणगीच्या वाटेने पुढाऱ्यांकडे परततो, हे दाखवायला निघालेला माणूस बहुधा नोटांची बॅग शोधत राहतो. टक्केवारी नावाचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही, आणि ती रोखीनेच फिरते हेही सगळे जाणतात. पण या परतीच्या प्रवासाचा एक मोठा टप्पा उजळ माथ्याने, चेकने पार पडतो, आणि त्याला मोकळीक खुद्द कायद्याने दिली आहे.

आधी फाईल पाहू. कामाचा भाव निविदा उघडण्याच्या दिवशी ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तोवर बरेच काही ठरून गेलेले असते. शाखा अभियंता दरसूची समोर ठेवून अंदाजपत्रक करतो तेव्हा खडी किती किलोमीटरवरून येणार आणि खोदाईत मुरूम किती, कठीण खडक किती लागणार, हे गृहीत धरावे लागते. तो आकडा इकडचा तिकडे झाला की कामाची किंमत बदलते, आणि जमिनीखाली काय आहे हे तेव्हा कोणालाच दिसत नसते. मग येतात पात्रतेच्या अटी: मागच्या काही वर्षांत याच प्रकारचे इतक्या रकमेचे काम केलेले असावे, वार्षिक उलाढाल इतकी असावी, रस्त्याचे काम असेल तर अमुक अंतराच्या आत हॉटमिक्स प्लांट असावा. यातली प्रत्येक अट सुटी वाचली तर शहाणपणाची वाटते. डांबर गार व्हायच्या आत पोहोचायला हवे, हे कोण नाकारील? पण चार अटी एकत्र केल्या की तालुक्यात दोन-तीनच नावे उरतात. ई-निविदेने लिफाफा फोडायची सोय संपवली, हा तिचा खरा फायदा. लिफाफा कोणी भरायचा, हे मात्र अटीच ठरवतात.

‘सगळ्यांत कमी दराला काम मिळते, मग मर्जी आली कुठून?’ हा आक्षेप म्हणूनच अपुरा पडतो. ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्ग या सुमारे १४ हजार कोटींच्या दोन कामांचे उदाहरण घ्या. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने लार्सन अँड टुब्रोला तांत्रिक टप्प्यावरच बाद केले, आणि उरलेल्यांत मेघा इंजिनीअरिंगचा दर सर्वांत कमी ठरला. बाद होण्याचे कारण काम दुसऱ्याला दिल्यावरच कळवायचे, असे निविदेतच लिहिलेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा बाद कंपनीचा दर सुमारे तीन हजार कोटींनी कमी होता हे बाहेर आले. न्यायालयाने खडसावल्यावर मे २०२५ अखेर प्राधिकरणाने निविदाच रद्द केल्या. यात कोणी पैसे घेतले, असे कुठल्याही न्यायालयाने म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. पण ‘सर्वांत कमी’ हे शब्द कोणाकोणात तुलना केली यावर अवलंबून असतात, हे त्या काही दिवसांत लख्ख दिसले. वादी कंपनी एवढी मोठी नसती आणि दिल्लीतल्या वकिलांचा खर्च तिला झेपला नसता, तर तेही दिसले नसते.

कार्यारंभ आदेश निघाला की फाईल संपत नाही. खरे तर ती तिथून जाड व्हायला लागते. वाढीव काम, जादा बाबी, आणि शेवटी ज्या एका शब्दाने महाराष्ट्रातले पाटबंधारे खाते ओळखले जाते ती ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. विदर्भातल्या ३८ सिंचन प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली, ती अशाच मान्यतांच्या वाटेने. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एकूण पिकाखालच्या क्षेत्रातला सिंचित वाटा दशकभरात जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलेला दिसला. श्वेतपत्रिका निघाली, चौकशीला चितळे समिती बसली, मंत्र्याने राजीनामा दिला आणि त्याला मंत्रिपद परतही मिळाले. दर कमी भरून काम घ्यायचे आणि पुढे सुप्रमात भरून काढायचे, हे गणित ज्याला ठाऊक आहे तो निविदेच्या दिवशीच्या कमी दराला फारसा भुलत नाही.

याहून नाजूक जागा आहे देयकाची, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक तयार झाले. पण तरतूद नाही. कोणत्या विभागाला निधी आधी सुटणार, पुरवणी मागण्यांत कोणते काम बसणार, हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी वाकडे घेणे कंत्राटदाराला परवडत नाही. राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये ८० हजार कोटींहून अधिक देयके थकल्याचा दावा करून आंदोलने केली. आता हिशेब करा: एक हजार कोटींचे देयक तीन महिने रखडले, तर दहा टक्के दराने नुसते व्याजच २५ कोटी होते. या माणसाकडे कोणी खंडणी मागायची गरज नाही. निवडणूक जवळ आली की तो स्वतःच विचारतो. म्हणून कंत्राटदार लोभी असतात, हे सोपे उत्तर मला पटत नाही. त्यातले पुष्कळजण अडकलेले असतात.

देणगीची बाजू १५ फेब्रुवारी २०२४ पर्यंत अंधारात होती. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी निवडणूक रोखे योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. २०१७ पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे; रोख्यांबरोबर ती मर्यादाही उडवली होती. मार्च २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात विकले गेलेले रोखे १६,५१८ कोटींचे. निवडणूक आयोगाने रोखे घेणाऱ्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या तेव्हा मेघा इंजिनीअरिंगच्या नावावर ९६६ कोटी निघाले, देशात दुसऱ्या क्रमांकाचे. त्यातले १४० कोटींचे रोखे एप्रिल २०२३ मधले. पुढच्या महिन्यात कंपनीला ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे १४ हजार कोटींच्या घरातले काम मिळाले. देणगी कामाच्या सुमारे एक टक्का.

यावरचा सर्वांत दमदार आक्षेप असा, की दोन तारखा शेजारी आल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. मोठ्या कंपन्या मोठी कामेही घेतात आणि मोठ्या देणग्याही देतात. हे बरोबर आहे. याच कंपनीने भाजपबरोबर तेलंगणातल्या भारत राष्ट्र समितीलाही १९५ कोटी दिले, असेही सांगितले जाते. पण ती समिती तेव्हा तेलंगणात सत्तेवर होती आणि कंपनीची मोठी सिंचन कामे तिथेच चालू होती, हे पुढचे वाक्य सहसा गाळले जाते. देणगी विचारसरणीला जात असती, तर राज्य ओलांडल्यावर तिची दिशा बदलली नसती. तरीही देवाणघेवाण सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. ती सिद्ध होणारही नाही. रोख्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला आणि नेहमीच्या कायदेशीर मार्गांकडे बोट दाखवले. त्या मार्गाने जाणाऱ्याला प्रत्येक प्रकरणात हेतू शाबीत करावा लागणार, आणि तो कुठल्याच फायलीत लिहिलेला नसतो.

हेतू शाबीत करण्याची अट कायदा सगळीकडे घालत नाही, हे इथे महत्त्वाचे. ग्रामपंचायत सदस्याचा पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर त्याचे सदस्यत्व जाते; गटार उत्तम बांधले, भाव रास्त होता, हा बचाव चालत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे सरकारशी कामाचे किंवा पुरवठ्याचे चालू कंत्राट असलेला माणूस आमदार-खासदारकीला अपात्र ठरतो. तिथे हितसंबंधाची नुसती शक्यताच पुरेशी मानली आहे. तोच कंत्राटदार संपूर्ण पक्षाला देणगी देऊ लागला, की कायद्याची हरकत संपते. सरकारी कंपनीला आणि परदेशी स्रोताला देणगीची बंदी आहे. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कंत्राटदाराला नाही. उलट जुन्या दराने कर भरणाऱ्या कंपनीला कलम ८० जीजीबीखाली त्या देणगीची पूर्ण वजावट मिळत आली, म्हणजे परतीच्या प्रवासाचे थोडे भाडेही करदात्यानेच भरले. अमेरिकेत केंद्रीय कंत्राटदारांच्या राजकीय देणग्यांवर १९४० पासून बंदी आहे. तिला पळवाटा पुष्कळ आहेत, संचालक वैयक्तिक देणग्या देतात, तरी ती रद्द करा असे तिथल्या न्यायालयांना वाटलेले नाही.

बंदी घातली तर पैसा पुन्हा काळ्या वाटेने जाईल, असे रोख्यांचे समर्थक म्हणत. काही जाईलच. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आणि पक्षाला कसलीच नाही, अशा व्यवस्थेत रोकड कधी थांबली होती? चेकने देता येत असताना ती थांबल्याचा पुरावा कोणी दिलेला नाही. रोखे गेल्यावर आता इलेक्टोरल ट्रस्टांचे महत्त्व वाढले आहे. त्यांना वर्षातल्या जमेपैकी ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटावी लागते आणि देणगीदारांची नावे आयोगाकडे जातात. पण कोणाचा पैसा कोणत्या पक्षाला गेला, हे ट्रस्टच्या भांड्यात एकत्र होते. नावे असून दुवा नसतो.

बंदी आणायचीच, तर तिची मुदत नीट आखावी लागेल. कार्यारंभ आदेशापासून काम पूर्ण होईपर्यंत, एवढीच धरली तर उपयोग नाही. निविदा भरल्यापासून शेवटचे देयक मिळून दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत आणि अनामत रक्कम परत होईपर्यंत ती चालली पाहिजे, कारण तोवर कंत्राटदाराचा पैसा सत्तेच्या मुठीत असतो. उपकंपन्या आणि भागीदारीतल्या कंपन्याही तीत याव्यात, आणि भंग झाला तर काळ्या यादीत नाव जावे. अशी मुदत धरली तर मोठ्या पायाभूत कंपन्यांना कायमचेच देणगी देता येणार नाही, त्यांची कुठे ना कुठे कामे चालूच असतात, अशी तक्रार येईल. ती खरी आहे. त्यांना देता येऊ नये, हाच तर हेतू आहे.